डंबेल की मशीन? स्नायूंना काय कळतं

चाळिशी जवळ आली की परदेशातल्या मराठी मंडळींच्या गप्पांत व्हिसा आणि घराच्या हप्त्यांच्या जोडीला एचबीए१सी येतं. गेल्या दिवाळीत मंडळाच्या फराळाला तीन जणांनी मला वेगवेगळं गाठून जवळपास एकच प्रश्न विचारला. डॉक्टरांनी वजनं उचलायला सांगितलंय, जिम लावली आहे, आता डंबेल-बारबेल घ्यायचे की मशीनवर बसायचं? एकाच्या ट्रेनरचं म्हणणं, मशीन म्हणजे आळशी लोकांचं काम, खरी ताकद सुट्या लोखंडातच. दुसरीच्या ट्रेनरचं म्हणणं, बारबेलला हात लावाल तर कंबर जाईल. तिसऱ्याने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या होत्या आणि तो तेव्हापासून फक्त ट्रेडमिलवर चालून घरी येत होता.

माझं काम टेंडनवर आहे, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीवर. प्रयोगशाळेत आम्ही या दोऱ्या ताणतो आणि किती ताण दिला की त्या काय करतात ते मोजतो. त्यामुळे हा प्रश्न मला आवडतो. त्यात शाळेतलं तरफेचं गणित आहे, थोडा इतिहास आहे आणि माणसांवर केलेले बऱ्यापैकी प्रयोगही आहेत. शिवाय आपल्या लोकांसाठी हा प्रश्न नुसत्या दंडाच्या आकाराचा नाही. तिथूनच सुरुवात करते.

२००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छोटासा, जरा गमतीदार लेख आला होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन मधुमेह-संशोधकांनी स्वतःचाच फोटो आणि स्वतःचीच मोजमापं त्यात छापली. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे कुठल्याही तक्त्यात दोघेही 'नॉर्मल'. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'वाय-वाय विरोधाभास' असं नाव पडलं. वजन तेवढंच आणि चरबी दुपटीहून जास्त, तर मग कमी काय आहे? मुख्यतः स्नायू.

आणि स्नायू हे रक्तातल्या साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन मोजमाप करतात तेव्हा शरीरात शोषल्या जाणाऱ्या ग्लुकोजपैकी सुमारे ८० टक्के हाडांना जोडलेल्या स्नायूंत जातं. दुकानात गिऱ्हाईकच कमी असेल तर माल पडून राहणार. आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत 'वजन कमी करा' हा सल्ला अर्धाच आहे, असं मला वाटतं ते यामुळे. उरलेला अर्धा सल्ला जिमच्या त्या दुसऱ्या, आवाज करणाऱ्या खोलीत आहे.

तरफेचं गणित

हातात १० किलोचा डंबेल घ्या आणि कोपर कमरेशी टेकवून हात वाकवा. डंबेलचं वजन पूर्ण वेळ १० किलोच आहे, पण बायसेप्सला ते तसं जाणवत नाही. स्नायूला जाणवतो तो टॉर्क, म्हणजे वजन गुणिले कोपरापासून त्या वजनाचं आडवं अंतर. हात सरळ खाली लोंबत असताना हे अंतर जवळजवळ शून्य. पुढचा हात उभ्या रेषेपासून ३० अंशांवर आला की कोपर ते तळहात या ३५ सेंटिमीटरपैकी निम्मं, म्हणजे साडेसतरा सेंटिमीटर आडवं अंतर होतं. हात जमिनीला समांतर झाला की पूर्ण ३५. मग आणखी वर नेलात की पुन्हा कमी. म्हणजे एकाच डंबेलच्या एका फेरीत भार शून्यापासून कमाल आणि कमालीपासून पुन्हा खाली असा प्रवास करतो.

कमाल बिंदूला किती? ९८ न्यूटन गुणिले ०.३५ मीटर, साधारण ३४ न्यूटन-मीटर. आता बायसेप्सचा टेंडन हाडाला चिकटतो कोपरापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर. तिथून ओढून ३४ न्यूटन-मीटर तोलायचे म्हणजे साडेसातशे न्यूटनच्या वर बळ लागतं, किलोंत सांगायचं तर ७५-८० किलो टांगल्यासारखं. शेजारचे स्नायू त्यात वाटा उचलतात हे खरं, पण १० किलोच्या डंबेलसाठी आतल्या दोऱ्यांवर त्याच्या सात-आठ पट ताण येतो ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते. आपलं शरीर बळ वाचवण्यासाठी बांधलेलं नाही. स्नायू थोडासाच आखडतो आणि हात खूप फिरतो, अशी ही बांधणी आहे. दगड फेकायला उत्तम, पोतं उचलायला महाग.

मशीन बनवणाऱ्यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. वजन बदलत नसेल तर अंतर बदलू या, म्हणजे स्नायूवरचा भार सगळ्या कोनांत आपल्याला हवा तसा ठेवता येईल. अमेरिकेत आर्थर जोन्स नावाच्या हरहुन्नरी माणसाने १९७० साली जी यंत्रं बाजारात आणली त्यांत साखळी एका गोल चाकावरून न जाता शंखासारख्या वळणदार चकतीवरून जात होती. चकती फिरते तशी तिची त्रिज्या बदलते आणि भारही बदलतो. त्या आकारावरूनच यंत्रांचं नाव पडलं नॉटिलस, एका शंखधारी समुद्री जीवाचं. आज तुम्ही ज्या लेग एक्स्टेन्शनच्या किंवा बायसेप्सच्या मशीनवर बसता तिच्या झाकणाआड बहुधा अशीच एक चकती असते. कल्पना सुंदर आहे. अडचण एवढीच की चकतीचा आकार एक आणि माणसं हजार प्रकारची. संशोधकांनी अशी यंत्रं घेऊन त्यांचा भार आणि माणसांची वेगवेगळ्या कोनांतली खरी ताकद शेजारी शेजारी मांडून पाहिली, तेव्हा दोन्ही आलेख नीट जुळले नाहीत.

यंत्रांचा इतिहास मात्र १९७०च्या खूप आधीचा आहे. स्वीडनच्या गुस्ताव झांडर या डॉक्टरने १८६५मध्ये स्टॉकहोमला संस्था काढली आणि तरफा-वजनांची लाकडी-लोखंडी यंत्रं वापरून रुग्णांना व्यायाम द्यायला सुरुवात केली. जुन्या छायाचित्रांत कोट-टाय घातलेले गृहस्थ आणि पायघोळ झग्यातल्या बायका त्या यंत्रांवर गंभीर चेहऱ्याने बसलेल्या दिसतात. व्यायामासाठी यंत्र ही कल्पना पुढे इतकी लोकप्रिय झाली की टायटॅनिकच्या जिममध्ये यांत्रिक घोडा होता आणि यांत्रिक उंटसुद्धा.

सुट्या वजनांना वैद्यकीय प्रतिष्ठा मिळाली ती दुसऱ्या महायुद्धात. गुडघे दुखावलेले सैनिक अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयांत महिनोन्‌महिने पडून असत. थॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरने त्यांच्या पायांत लोखंडी बूट अडकवून, हळूहळू वजन वाढवत, त्यांना पाय सरळ करायला लावलं. तोवर अशा रुग्णांना हलकाच व्यायाम द्यावा असा समज होता. १९४५मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं, आणि १९४८मध्ये सहकाऱ्याबरोबर एक सुटसुटीत पद्धत मांडली: दहा-दहाचे तीन सेट. तुमचा ट्रेनर आजही 'दहाचे तीन मारा' म्हणतो, त्याचं मूळ तिथे आहे.

तोल कोण सांभाळतं?

मशीनवर वजनाचा मार्ग ठरलेला असतो. तुम्ही फक्त ढकलायचं किंवा ओढायचं. बारबेल खांद्यावर घेऊन स्क्वॉट मारताना मात्र वजन पुढे जाऊ शकतं, मागे जाऊ शकतं, तिरपं होऊ शकतं, आणि ते होऊ न देण्याचं काम पोटऱ्या, मांड्यांच्या मागचे स्नायू, पोट आणि पाठ यांच्यावर येतं. डंबेल घेतले तर प्रत्येक हाताची जबाबदारी वेगळी, म्हणजे आणखी एक पायरी वर. नॉर्वेतल्या संशोधकांनी छातीच्या व्यायामात हे मोजलं. तीच माणसं बारबेलने जेवढं वजन उचलत होती त्यापेक्षा दोन डंबेलमध्ये मिळून सुमारे १७ टक्के कमी उचलू शकली. छातीच्या स्नायूंतला विद्युत संदेश मात्र दोन्हीकडे सारखाच होता. म्हणजे वजन कमी झालं तरी छातीचं काम कमी झालं नाही.

विद्युत संदेश म्हणजे ईएमजी. त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायू किती 'चालू' आहे ते पाहायचं. सुट्या वजनांचे समर्थक ज्या प्रयोगाचा हवाला नेहमी देतात तो याच जातीचा आहे. कॅनडात २००९ साली सुट्या बारबेलचा स्क्वॉट आणि स्मिथ मशीनवरचा स्क्वॉट यांची तुलना झाली. स्मिथ मशीन म्हणजे दोन उभ्या रुळांवर सरकणारा बार. सगळ्या स्नायूंची सरासरी काढली तर सुट्या बारबेलमध्ये ४३ टक्के जास्त हालचाल नोंदली गेली. आकडा दणदणीत आहे, आणि इंटरनेटवर तो एकटाच फिरत असतो. त्याच्याबरोबर हेही फिरायला हवं की त्या प्रयोगात माणसं होती सहा. आणि ईएमजी जास्त म्हणजे स्नायू जास्त वाढणार, असं समीकरण नाही. रिक्षाचा आवाज मोठा असला म्हणून ती जास्त माल नेते असं थोडंच आहे.

मग स्नायू वाढतात का, ताकद वाढते का, हे थेटच मोजायला हवं. म्हणजे माणसांचे दोन गट करायचे, एकाला दोन-तीन महिने मशीन द्यायची, दुसऱ्याला सुटी वजनं, आणि शेवटी दोघांच्याही स्नायूंची जाडी आणि ताकद तपासायची. असे प्रयोग झाले आहेत. २०२३मध्ये त्यांतले १३ एकत्र करून, हजाराहून थोड्या अधिक माणसांचा हिशोब मांडणारं एक विश्लेषण आलं. त्याचं सार असं: स्नायूंच्या वाढीत फरक नाही. जागेवरून उंच उडी मारण्यात फरक नाही. ताकदीत मात्र एक मजा आहे. परीक्षा बारबेलवर घेतली तर बारबेलवाले पुढे. परीक्षा मशीनवर घेतली तर मशीनवाले पुढे झुकतात, जरी तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरता उतरत नाही. ज्याचा सराव केला ते जास्त चांगलं जमतं, एवढाच त्याचा अर्थ.

हे 'एवढाच' दिसतं तितकं किरकोळ नाही. जिम लावल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वजनं भराभर वाढतात, पण टेपने दंड मोजला तर तो तेवढाच असतो. या काळात स्नायूंपेक्षा मज्जासंस्था शिकत असते. कुठले तंतू एकाच वेळी पेटवायचे, विरुद्ध बाजूचा स्नायू किती ढिला सोडायचा, पाऊल कुठे रोवायचं. हे शिक्षण त्या त्या हालचालीशी बांधलेलं असतं. सायकल चालवून माणसाचे पाय भक्कम होतात, पण तेवढ्याने कुणी पोहायला लागत नाही.

आणखी एक लोकप्रिय दावा इथेच निकालात काढू. सुट्या वजनांनी टेस्टोस्टेरॉन जास्त वाढतं, म्हणून स्नायूही जास्त वाढतात, असं जिममध्ये ठासून सांगितलं जातं. कॅनडातल्या सस्कॅचेवन विद्यापीठात स्त्री-पुरुषांना आठ आठवडे दोन्ही प्रकारे व्यायाम देऊन हे तपासलं गेलं. पुरुषांमध्ये सुट्या वजनांच्या व्यायामानंतर लगेच टेस्टोस्टेरॉन खरंच जास्त वाढलेलं दिसलं. आठ आठवड्यांनंतर स्नायूंची जाडी आणि ताकद मात्र दोन्ही गटांत सारखीच वाढली होती. म्हणजे दाव्याचा पहिला भाग बरोबर आणि दुसरा चूक. अर्धसत्य फार दिवस टिकतं ते असंच.

हे वाचताना कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना तालीम आठवली असेल. मुद्गल हे वास्तविक फार हुशार साधन आहे. त्याचं जड टोक मुठीपासून लांब असतं, त्यामुळे वजन कमी असूनही खांद्यावरचा टॉर्क मोठा, आणि तो फिरवताना दिशा सारखी बदलत राहते. डंबेल याच्या नेमका उलट, सगळं वजन मुठीशी. इंग्रज अधिकाऱ्यांनी मुद्गल हिंदुस्थानात पाहिले, मायदेशी नेले, आणि 'इंडियन क्लब' या नावाने एकोणिसाव्या शतकात त्यांचं तिकडे चांगलंच वेड पसरलं. १९०४ आणि १९३२च्या ऑलिंपिकमध्ये क्लब फिरवण्याची चक्क स्पर्धा होती. जोर काढताना शरीराच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भाग हातांवर येतो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४० किलोंचा बेंच प्रेस फुकट. पण तालमीतल्या बहुतेक साधनांची अडचण तीच आहे जी डीलॉर्मने सोडवली: थोडं थोडं वजन वाढवत नेण्याची सोय नाही. ४० किलोंचा जोर ज्याला जमत नाही त्याने सुरुवात कुठून करायची? भिंतीला हात टेकून, हे उत्तर आहे, पण तालमीत जाऊन भिंत ढकलायला कोण तयार होणार!

'मशीन सुरक्षित असते ना?'

अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतल्या नोंदींवरून १९९० ते २००७ या १८ वर्षांचा एक अंदाज काढला गेला आहे. वजनांच्या व्यायामात दुखापत होऊन आलेले सुमारे ९ लाख ७० हजार लोक. त्यांतले ९० टक्के सुट्या वजनांमुळे. वाचल्यावर वाटतं, संपला वाद. पण त्या काळात किती माणसं किती तास सुटी वजनं वापरत होती आणि किती मशीन, हा भाजक त्या आकड्यात नाही. पुण्यातल्या अपघातांत दुचाक्याच जास्त, असं कुणी म्हटलं तर आपण आधी विचारू की रस्त्यावर दुचाक्या किती आहेत.

त्या अभ्यासातले दोन तपशील मला जास्त उपयोगी वाटतात. एक, जवळपास दोन-तृतीयांश दुखापती वजन अंगावर पडून झाल्या होत्या. कंबर मोडेल या भीतीने लोक बारबेलपासून दूर राहतात, आणि प्रत्यक्षात बोटावर प्लेट पडते. दोन, सुट्या वजनांच्या दुखापतींत हाड मोडणं किंवा सांधा निखळणं यांचं प्रमाण साधारण २४ टक्के होतं, मशीनच्या दुखापतींत १० टक्के. म्हणजे लागलंच तर सुट्या वजनांनी जास्त जोरात लागतं. यावर उपाय साधे आहेत. बेंच प्रेस एकट्याने मारायचा असेल तर दोन्ही बाजूंना अडसर असलेल्या रॅकमध्येच मारावा, आणि बंद बूट घालावेत. इथल्या आमच्या जिममध्ये एक गृहस्थ चपलांवर डेडलिफ्ट मारतात, ते बघून माझाच जीव वरखाली होतो.

आईची गोष्ट

आता या सगळ्याचा मला प्रत्यक्ष उपयोग कुठे झाला ते सांगते. माझी आई ६६ वर्षांची आहे. गेल्या वर्षी पुण्यात घरातच ओल्या फरशीवर घसरली आणि मनगट मोडलं. नंतरच्या तपासणीत हाडांची घनता कमी निघाली. यंदा उन्हाळ्यात ती सहा महिन्यांसाठी माझ्याकडे इंग्लंडला आली, तेव्हा मी तिला घराजवळच्या जिममध्ये नेलं. पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट. पहिल्या दिवशी तिने सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "अगं, इथे मी एकटीच म्हातारी." नव्हती, बाजूच्या मशीनवरच्या आजी ८१ वर्षांच्या निघाल्या.

म्हातारपणी स्नायू वाढतात का, या शंकेचं उत्तर १९९० सालीच मिळालेलं आहे. बॉस्टनमध्ये मारिया फिआतारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या १० जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा चांगला जड व्यायाम दिला. वयं ८६ ते ९६. नऊ जणांनी कार्यक्रम पूर्ण केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीतल्या स्नायूंचं क्षेत्रफळ ९ टक्क्यांनी, आणि एका पावलापुढे दुसरं ठेवत चालण्याचा वेग ४८ टक्क्यांनी. हे झालं ते वजन आणि कप्पी असलेल्या साध्या यंत्रावर, बारबेलवर नाही. तोल जाण्याची भीती नसल्यामुळे नव्वदीच्या माणसालाही पूर्ण जोर लावता येतो, ही मशीनची खरी कमाई आहे.

हाडांची गोष्ट जरा वेगळी. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रियांवर एक प्रयोग झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली बारबेलने डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर वजन ढकलण्याचा व्यायाम करत, शिवाय बारला लोंबकळून खाली उडी. वजन चांगलं जड, कमाल क्षमतेच्या ८५ टक्क्यांहून जास्त. उरलेल्या जणी घरी हलका व्यायाम करत. आठ महिन्यांनी पहिल्या गटात कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली, दुसऱ्या गटात १.२ टक्के घटली. आणि ज्या दुखापतींची सगळ्यांना धास्ती होती त्यांतली एकच झाली, कमरेत सौम्य लचक.

या प्रयोगावरून 'हाडांसाठी बारबेलच हवा' असं म्हणायचा मोह होतो. पण तुलना हलक्या व्यायामाशी होती, मशीनशी नव्हती. उभं राहून, मणक्यावरून पायांपर्यंत भार जाईल असा जड व्यायाम देखरेखीखाली केला तर हाडांना फायदा होतो, इतकंच त्यातून निघतं. बसून पाय सरळ करण्याच्या मशीनवर मणक्याला काहीच काम नसतं, हे मात्र भौतिकशास्त्रच सांगतं.

फिजिओथेरपिस्टशी बोलून आम्ही जे ठरवलं ते दोन्हींचं मिश्रण होतं. पहिले सहा आठवडे लेग प्रेस आणि बसून ओढण्याची केबल. त्यावर आईचा धीर वाढला, आणि 'जड' म्हणजे काय वाटतं हे तिला कळलं, जे आयुष्यभर हलकं हलकं काम करत आलेल्या माणसाला माहीतच नसतं. मग खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम, छातीशी डंबेल धरून. आधी २ किलो, मग ४, मग ६. कारण घरी तिला लेग प्रेस करायचा नाही. तिला बाथरूममधल्या स्टुलावरून उठायचं आहे, आणि पाय घसरला तर सावरायचं आहे. सराव ज्याचा, प्रगती त्याची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शनात ज्येष्ठांसाठी आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हींचा व्यायाम सांगितला आहे, त्यातला तोलाचा भाग खुर्चीवर पट्टा बांधून होत नाही.

मशीनची एक अडचण आईमुळे ठळकपणे लक्षात आली. तिची उंची ४ फूट ११ इंच. बऱ्याच मशीन तिच्या मापाच्या नाहीतच. गुडघ्याच्या मशीनमध्ये यंत्राचा आस आणि गुडघ्याचा आस एका रेषेत यायला हवा, नाहीतर नडगीवर पट्टी घासते आणि भार भलतीकडेच जातो. सीट पूर्ण पुढे घेऊन, पाठीमागे उशी ठेवूनही एका मशीनवर ते जमेना, मग ती आम्ही सोडून दिली. शिवाय वजनाच्या पट्ट्या पाच-पाच किलोंनी वाढतात. २५ वरून ३० हा तरुणाला एक टप्पा, पण १० वरून १५ म्हणजे एकदम दीडपट. डंबेलमध्ये एक-दोन किलोंनी वाढवता येतं. आणि बारबेलही निर्दोष नाही. पुरुषांचा प्रमाण बार रिकामाच २० किलोंचा असतो, स्त्रियांचा १५. पन्नास किलोंच्या बाईला डोक्यावर ढकलायला सांगा तो! छोटे, हलके बार कोपऱ्यात ठेवलेले असतात, ते मागून घ्यावेत, लाजू नये.

वही ठेवत असाल तर आणखी एक. मशीनवरचा आकडा हा त्या मशीनचाच आकडा असतो. कप्प्यांची रचना अशी असू शकते की ४० किलोंच्या पट्ट्या तुमच्या हातात २० किलोच येतील. वर घर्षण. घर्षण नेहमी हालचालीच्या विरुद्ध असतं, त्यामुळे वजन वर नेताना ते जड वाटतं आणि खाली आणताना हलकं. खाली आणतानाचा भारही स्नायूसाठी मोलाचा, आणि तेल न घातलेली मशीन तोच चोरते. सुट्टीत पुण्याला गेल्यावर सोसायटीच्या जिममध्ये तुम्ही अचानक दुप्पट ताकदवान झालात, तर आधी कप्प्या मोजा.

दिवाळीच्या त्या तिघांना मी काय सांगितलं? पहिल्याला, ज्याला बारबेल आवडतो, तोच कर म्हटलं. दुसरीला मशीन. दोघांनाही आठवड्यातून दोनदा, आणि शेवटच्या दोन फेऱ्या कष्टाच्या वाटतील इतकं वजन. त्यांच्या साखरेच्या दृष्टीने स्नायू महत्त्वाचा, आणि स्नायूला ते वजन रुळावरून आलं की हवेतून हे कळत नाही. तिसऱ्याला ट्रेडमिल चालू ठेवायला सांगितली, पण उतरल्यावर वीस मिनिटं लेग प्रेस, चेस्ट प्रेस आणि केबल. मशीनची निवड त्याच्यासाठी यासाठी की तिथे शिकायला कमी लागतं आणि तो शिकवणीला कंटाळतो.

आई पुढच्या महिन्यात परत जाईल. बॉस्टनच्या त्या प्रयोगात व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत कमावलेल्या ताकदीला मोठी गळती लागली होती, ३२ टक्के. म्हणून पुण्याची तयारी आत्तापासून चालू आहे. सोसायटीच्या जिममधली मल्टीजिम बंद पडलेली आहे असं बाबांनी फोनवर कळवलं. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, दोन पट्ट्यांच्या सॅकमध्ये तांदळाच्या एक-एक किलोच्या पिशव्या, आणि ती सॅक पाठीवर न घेता छातीशी धरून उठबस. सहा पिशव्यांपासून सुरुवात. दर पंधरवड्याला एक वाढवायची, आणि मोजायला बाबा.